पाय टेकला की नाही?

मागच्या अंकात इंदूरजवळ चोरल नदीच्या बाजूला भरणाऱ्या हौशी मोटरसायकल ट्रायल्सबद्दल दोन परिच्छेद लिहिले होते. ही शर्यत नव्हे, दगडधोंड्यांतून आणि ओढ्यातून पाय न टेकता गाडी बाहेर काढायची, आणि ज्याचे गुण सर्वांत कमी त्याचा पहिला नंबर, एवढंच त्यात होतं. त्यावर पत्रं आली, फोनवर निरोप आले, आणि बहुतेकांत तक्रार होती. बरं झालं. तक्रार असली म्हणजे माणसाने नियम वाचलेला असतो, निदान वाचायची इच्छा तरी असते.

मी स्वतः गाडी चालवत नाही. मी ऑब्झर्व्हर, म्हणजे बघून गुण लावणारी, म्हणून सेक्शनवर उभी असते. सेक्शन म्हणजे फितींनी आखलेला अडथळ्यांचा एक टप्पा. नोकरी सगळी पीथमपूरला, कारखान्याच्या तपासणी विभागात गेली, त्यामुळे वस्तू कशी दिसते यापेक्षा मापात बसते की नाही हे बघायची डोळ्याला सवय आहे. उत्तरं त्याच सवयीने दिली आहेत. कुणाला रुक्ष वाटली तर इलाज नाही.

मावशी, माझा मुलगा एकेचाळीस गुण घेऊन आला आणि त्याच्या मित्राला अठ्ठावीसवर कप मिळाला. कमी गुणवाला जिंकतो हे तुमच्या लेखावरून समजलं. पण माझ्या मुलाने अकरा सेक्शन एकदाही पाय न टेकता पार केले, मित्राने फक्त आठ. मग चांगला कोण? दोघांच्या कार्डांचे फोटो पाठवले आहेत. (एक आई, लोकमान्य नगर)

ताई, कार्डांचे फोटो पाठवलेत हे फार चांगलं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे.

आधी हिशोब. प्रत्येक सेक्शनला प्रत्येक फेरीत एकच आकडा मिळतो. पाय अजिबात टेकला नाही तर शून्य, त्याला पोरं ‘क्लीन’ म्हणतात. एकदा टेकला तर एक, दोनदा टेकला तर दोन. तीनदा किंवा त्याहून कितीही वेळा टेकला, तरी तीन. आणि सेक्शन पार झालाच नाही तर पाच. चार नाही. पडणं, फितीबाहेर चाक टेकणं, खुंटी पाडणं, गाडी मागे सरकणं, दोन्ही पाय गाडीच्या एकाच बाजूला टेकवून उतरणं, बाहेरच्याने हात लावणं, हे सगळं पाचात. सेक्शनच्या तोंडाशी पडला काय आणि शेवटच्या वळणावर पडला काय, पाच ते पाचच.

त्या दिवशी आठ सेक्शन आणि तीन फेऱ्या होत्या, म्हणजे चोवीस आकडे. सगळीकडे नापास झाला असता तर एकशेवीस. तुमच्या मुलाच्या कार्डावर अकरा शून्य, चार एक, चार तीन आणि पाच वेळा पाच आहेत. बेरीज एकेचाळीस. मित्राच्या कार्डावर आठ शून्य, दहा एक, सहा तीन आहेत. बेरीज अठ्ठावीस. आणि पाच? एकही नाही.

फरक तिथे आहे. तीन आणि पाच यांच्यात दोन गुणांचं अंतर मुद्दाम ठेवलेलं आहे, कारण सेक्शन कसाबसा पार करणारा आणि न करणारा यांना शेजारी बसवायचं नाही असं या खेळाने ठरवलं आहे. तुमचा मुलगा हुशार चालवतो यात शंका नाही, पण गाडी हातातून जायला लागली तरी तो ऐटीत चालवायला बघतो आणि पडतो. मित्राने अशा वेळी दोन्ही पाय खाली सोडले आणि बदकासारखा ढकलत ढकलत बाहेर आला. दिसायला वाईट. पण तिसरा पाय टेकल्यानंतरचे सगळे पाय फुकट असतात, हे त्याला ठाऊक आहे. तुमच्या मुलाने ते पाच ‘पाच’ असेच ढकलत ‘तीन’वर आणले असते तर एकेचाळीसचे एकतीस झाले असते. कप तरीही मित्राचाच, पण मग तीन गुणांनी.

‘चांगला कोण’ याचं उत्तर मी देत नाही. कार्ड तो प्रश्न विचारतच नाही.

माझा पाय फूटरेस्टवरच होता. दगड इतका जवळ होता की बुटाचं टोक त्याला घासलं. ऑब्झर्व्हर काकांनी बोट वर केलं, एक लावला. पुढच्या सेक्शनला माझा खांदा झाडाला लागला, तिथेही एक. हे कुठल्या नियमात बसतं? मी पाय टेकलाच नव्हता! (कॉलेज विद्यार्थी, महू)

दोन गोष्टी आहेत, वेगळ्या ठेवू.

खांद्याचं आधी. आपण बोलताना ‘पाय टेकला’ म्हणतो, पण नियमात पायापुरतं काही नाही. शरीराचा कुठलाही भाग, किंवा गाडीचा कुठलाही भाग जमिनीला टेकला किंवा अडथळ्यावर रेलला, तर ती चूक धरतात. त्यातून सवलत आहे ती टायरांना, फूटरेस्टना आणि इंजिनाला व त्याच्या खालच्या संरक्षक पत्र्याला, म्हणजे तुम्ही ज्याला बॅशप्लेट म्हणता तिला. ती दगडावर घासत जायचीच, ट्रायल्सच्या गाडीत ती त्यासाठीच असते. पण झाडाला खांदा देऊन तोल सावरला, दरडीला कोपर टेकवलं, तर तो एक. तिथे काकांचं बरोबर आहे. फांदी नुसती अंगावरून सरकली असती तर गोष्ट वेगळी. प्रश्न रेललास की नाही हा आहे, आणि झाडाला खांदा ‘लागला’ असं तू लिहितोस तेव्हा मला जरा शंका येते.

आता बुटाचं. पाय फूटरेस्टवरून हलला नाही आणि दगडाने बुटाला चाटलं, तर मी लावत नाही. पाय फूटरेस्टवरून सुटून दगडावर आला, क्षणभर का होईना, तर लावते. मी घोट्याकडे बघते, टोकाकडे नाही. वजन पायावर आलं की घोटा वाकतो, हे उभं राहून राहून कळतं. आणि खरंच दिसलं नसेल तर फायदा चालवणाऱ्याला द्यायचा, ही सगळीकडची रीत आहे.

पण एक ऐक. काकांनी तुझ्या बुटाला एक लावला आणि तुझ्यामागून आलेल्या प्रत्येकाच्या तशाच घासण्याला एक लावला, तर तुझं नुकसान शून्य आहे, कारण सगळ्यांचंच तेवढं झालं. सकाळी लावला आणि दुपारी कंटाळून सोडून दिला, तर मात्र काका चुकले. तू हे बघितलंस का? नसशील, कारण आपला सेक्शन झाला की तुम्ही पोरं चहाकडे पळता.

नमस्कार. मी निवृत्त आहे, जन्मात स्कूटरखेरीज काही चालवलं नाही. नातू ट्रायल्सला जातो. आयोजक म्हणतात ऑब्झर्व्हर मिळत नाहीत, काका तुम्ही उभे राहा. मला जमेल का? आणि नातवाच्याच स्पर्धेत उभं राहणं बरं दिसेल का? (रामबाग)

जमेल, काका. आयोजक ही गोष्ट दरवेळी रडतात आणि ती खरी आहे. आठ सेक्शन म्हणजे आठ माणसं दिवसभर उन्हात. चालवणारे चाळीस सहज मिळतात, बघणारे आठ मिळत नाहीत. या खेळाचं इंग्लंडमधलं जुनं नावसुद्धा ‘निरीक्षणाखालची परीक्षा’ अशा अर्थाचं आहे. ऑब्झर्व्हर नसेल तर उरते ती सहल.

नातवाचं आधी संपवते. त्याचा गट जिथून जातो तिथे उभे राहू नका, आयोजकांना सांगून दुसऱ्या गटाचा सेक्शन मागा. सगळे गट सगळीकडून जात असतील तर नातू आला की कार्ड दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. तुम्ही प्रामाणिकच आहात. पण तुम्ही लावलेला शून्य नातवाला कुणी खरा मानणार नाही, आणि तो त्याच्यावर अन्याय.

आता काम. आदल्या संध्याकाळी किंवा सकाळी पोह्यांच्या आधी (आधीच, कारण नंतर कुणी हलत नाही) आपला सेक्शन पायी चालून बघा. सुरुवातीची पाटी कुठे, शेवटची कुठे, फिती कुठून जातात, कुठल्या गटाने कुठल्या दोन खुणांमधून जायचं. सीमेच्या खुणांची सर्वसाधारण पद्धत म्हणजे लाल उजव्या हाताला आणि निळी डाव्या हाताला. गटांच्या रंगांची पद्धत मात्र प्रत्येक आयोजकाची आपापली, ती कागदावर लिहून घ्या. नवशिक्याने अवघड वाट धरली, किंवा तरबेजाने सोपी, तर दोघांनाही पाच. त्याची वाट कुठली हे तुम्हाला त्याच्या नंबरप्लेटच्या रंगावरून क्षणात कळलं पाहिजे.

मोजायला कधी सुरुवात करायची? पुढच्या चाकाचा आस, म्हणजे मधला दांडा, सुरुवातीच्या पाटीला ओलांडला की. मोजणं कधी थांबवायचं? तोच आस शेवटच्या पाटीला ओलांडला की. टायरचं टोक नाही, मागचं चाक नाही, आस. शेवटच्या पाटीला आस गेला आणि मागचं चाक अजून खड्ड्यात असताना पोरगा पडला, तर तो शून्यच घेऊन पडला. प्रेक्षक ओरडतील. ओरडू द्या.

उभं कुठे राहायचं यावर सगळं अवलंबून आहे. सेक्शनमधली सर्वांत वाईट जागा हेरा, जिथे बहुतेक पाय टेकतील ती, आणि तिथे दोन्ही बाजू दिसतील अशी जागा धरा. चोरलच्या पात्रातल्या सेक्शनला सगळे प्रेक्षक वरच्या कड्यावर जमतात, तिथून छान दिसतं म्हणून. तिथून पलीकडचा पाय मात्र अजिबात दिसत नाही. मी खाली उतरते आणि गाडी पुढे सरकेल तशी बाजूने चालते. काळा दगड शेवाळाने निसरडा असतो, तेव्हा चपला नकोत. आणि गाडीच्या मागे, उताराच्या खाली कधी उभं राहू नका. गाडी सुटली की ती खालीच येते.

आकडा मनात नको, हातावर हवा. टेकला की हात वर करून बोट दाखवायचं. एक, दोन, तीन. शून्य असेल तर शेवटी बंद मूठ, नापास असेल तर पाची बोटं, आणि शिट्टी असेल तर शिट्टी. म्हणजे चालवणाऱ्याला तिथेच कळतं, लोकांना कळतं, आणि मुख्य म्हणजे तुम्हालाच नंतर बदलता येत नाही. मग त्याच्या कार्डाला त्या आकड्यावर भोक पाडायचं आणि आपल्या तक्त्यावर नंबरासमोर तोच आकडा लिहायचा. हे दोन्ही करायचंच. कार्ड ओढ्यात पडतं, खिशात भिजतं, हरवतं. तक्ता असला तर तंटा नाही.

मधल्या काळात दगड हलतात. विसाव्या गाडीला मिळालेला सेक्शन पहिल्या गाडीला मिळालेला नसतो, आणि हा खेळाचाच भाग आहे. फीत तुटली तर बांधा, खुंटी पडली तर परत त्याच भोकात रोवा. पण दगड ‘नीट’ करू नका. चालवणारेही पायी बघायला येतील, येऊ द्या, तो त्यांचा हक्क आहे. एखादा बुटाने हळूच दगड सरकवताना दिसला तर तिथल्या तिथे ताकीद द्या. चोरलच्या वाळूत हे फार चालतं.

आणि गप्पा मारू नका. हे सर्वांत कठीण, विशेषतः आपल्या इंदुरी माणसाला. ‘अरे भिया, हा बघ कोण आला’ म्हणत मान वळली की तेवढ्यात पाय टेकून उचललेलाही असतो. तपासणी विभागात आमच्याकडे गो-नो-गो गेज असायचं. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. माल दिसायला सुंदर आहे, कारागीर जुना आहे, पाळी संपत आली आहे, यातलं गेजला काही कळत नाही. सेक्शनवर मी तेवढीच असते. तुम्ही स्कूटरच चालवली आहे हे इथे बरंच आहे. जे स्वतः ट्रायल्स चालवतात ते ऑब्झर्व्हर झाले की ‘अरेरे, किती छान आणली होती’ म्हणून दोनाचा एक करतात. मी पाहिलं आहे.

टोपी, पाणी, घडीची खुर्ची न्या. खुर्ची फक्त दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेपुरती.

टोनी बोऊचे व्हिडिओ बघतो. तो दगडावर गाडी थांबवतो, पुढचं चाक उचलून बाजूला घेतो, परत थांबतो, मग उडी मारतो. मी फक्त अर्धा सेकंद थांबलो, पायही टेकला नाही, तरी पाच! (देवास)

दादा, बोऊ 2007 पासून दरवर्षी जगज्जेता होत आला आहे, त्याची बरोबरी सोडून देऊ. पण प्रश्न रास्त आहे, आणि या खेळातला सर्वांत जुना वाद तोच आहे.

दोन पद्धती आहेत. एकीत थांबायला मुभा असते, पण सेक्शनला वेळ बांधलेला असतो, आणि वेळ संपली की पाच. दुसरीत घड्याळ नसतं, पण गाडी सतत पुढे जात राहिली पाहिजे. थांबली की संपलं. जागतिक स्पर्धेतसुद्धा हे मागेपुढे झालेलं आहे. 2013 च्या मोसमापासून मैदानी जागतिक स्पर्धेत न थांबण्याचा नियम आणला, तेव्हा चालवणाऱ्यांत दोन तट पडले होते. सभागृहात कृत्रिम अडथळ्यांवर होणाऱ्या स्पर्धा वेगळ्या, आणि तू बघतोस त्यांतले बरेच व्हिडिओ तिथलेच असतात.

आपल्याकडच्या हौशी स्पर्धेत मला स्वतःला न थांबण्याचा नियम पसंत आहे, आणि कारण साधं आहे. थांबायला परवानगी दिली की सेक्शन आखणारा उड्या मारायला लावणारे दगड ठेवतो. मग सत्तर किलोची खास ट्रायल्सची गाडी असलेला एखादाच पार होतो, आणि दीडशे किलोच्या वरची एक्सपल्स घेऊन आलेली पोरं कंबर मोडून घेतात. शिवाय प्रत्येक सेक्शनला स्टॉपवॉच घेऊन आणखी एक माणूस लागतो. तो कुठून आणू?

पण न थांबण्याच्या नियमात ऑब्झर्व्हरची परीक्षा असते, हेही खरं. थांबणं म्हणजे काय? मी हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, बघते. पुढच्या चाकाचा हब पुढे सरकायचा थांबला की गाडी थांबली. हँडल डावी-उजवीकडे हलतंय, मागचं चाक गरगर फिरून चिखल उडवतंय, पण हब जागच्या जागी, तर ती गाडी थांबलेलीच आहे. अर्धा सेकंद म्हणतोस ना, तो मला फार मोठा वाटतो. डोळ्याची पापणी लवली एवढं असतं तर मी सोडलं असतं.

खरी चूक कदाचित आयोजकांची आहे. कुठली पद्धत आहे हे सकाळच्या बैठकीत माईकवरून मोठ्याने सांगितलं पाहिजे. थांबल्यावर पाय टेकला तर काय, न टेकता थांबला तर काय, हेही प्रत्येक नियमावलीत सारखं नसतं. पुढच्या वेळी बैठकीत हात वर करून विचार. सगळ्यांसमोर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिवसभर बदलत नाही.

आणि इंजिन बंद पडलं म्हणजे पाच, असंही तू खाली लिहिलं आहेस. तसं नाही. इंजिन बंद पडलं आणि त्याच वेळी पाय टेकलेला आहे, किंवा टायर सोडून गाडीचा भाग जमिनीला लागला आहे, तर पाच. बंद पडलं पण गाडी उतारावर पाय न टेकता घरंगळत बाहेर गेली, तर काही नाही. असे शून्य मिळतात. ऑब्झर्व्हरने ते हसू न येऊ देता द्यायचे असतात.

आम्ही दोघे चुलतभाऊ. दोघांचे बारा-बारा गुण. मी चोवीसपैकी बारा ठिकाणी फक्त एकेकदा पाय टेकला, कुठेच पडलो नाही. तो एकदा चक्क पडला, दोनदा तीन-तीन घेतले, एकदा एक. तरी पहिला नंबर त्याला! (वडोदरा)

बरोबरी झाली की आधी शून्यं मोजतात. जास्त शून्यं त्याचा नंबर. तुमची बारा, त्याची वीस. संपलं. शून्यंही सारखी निघाली असती तर एक, मग दोन, मग तीन मोजले असते.

तुम्हाला राग आला आहे हे समजतं, कारण वर लोकमान्य नगरच्या ताईंना मी नेमकं उलटं सांगितलं. तिथे न पडणारा जिंकला, इथे पडणारा. पण तिथे बेरीज वेगळी होती, इथे सारखी आहे. बेरीज हा पहिला निकष, आणि ती सारखी झाल्यावरच खेळ विचारतो की पाय न टेकता कुणी जास्त वेळा काढली. मूळ काम तेच आहे ना? तुमच्या कार्डाबद्दल मला आदर आहे, पण अर्ध्या सेक्शनमध्ये तुम्ही सावधगिरी म्हणून एकेक पाय सोडला आहे, असं ते कार्ड सांगतं. तेवढे एक-दोन पाय वर ठेवले असते तर बरोबरी झालीच नसती.

काही क्लब शून्यंही सारखी झाली तर पहिल्या सेक्शनपासून कोण जास्त लांबपर्यंत शून्यावर राहिला ते बघतात. काही ठिकाणी वेळ धरतात. इंग्लंडात यॉर्कशायरला 1914 मध्ये सुरू झालेली स्कॉट ट्रायल तर वेळ बरोबरीपुरती ठेवतच नाही. सर्वांत वेगवान माणसाची वेळ प्रमाण धरतात आणि बाकीच्यांना मागे पडलेल्या वेळेचे गुण पायांच्या गुणांत मिळवून लावतात. त्यामुळे तिथे सर्वांत कमी पाय टेकणारा जिंकेलच असं नाही. हे आपल्याकडे कुणी आणू नये अशी माझी विनंती आहे. सिमरोलच्या रस्त्यावर पोरं आधीच पुरेशी जोरात जातात.

बाबा फितीबाहेरून ‘डावीकडे! गॅस! गॅस!’ ओरडतात. हे चालतं का? (नाव कळवू नये, इंदूर)

हात लावला तर पाच, हे नक्की. ओरडण्याचं क्लबाच्या नियमावर आहे. मोठ्या स्पर्धांत चालवणाऱ्याचा एक अधिकृत सोबती असतो आणि त्यालाच बोलता येतं. आपल्याकडे बहुधा चालवून घेतात. बाबांना सांग की गॅसच्या वेळी क्लच म्हणतात आणि क्लचच्या वेळी गॅस. मीही ऐकलं आहे त्यांचं.

ऑब्झर्व्हरच्या निर्णयावर दाद मागता येते का? (ग्वाल्हेर)

पाय टेकला की नाही, यावर नाही. ती त्या जागी त्या क्षणी पाहिलेली गोष्ट आहे आणि मोबाइलवरचा व्हिडिओ आणून ती बदलायची नाही, असं बहुतेक ठिकाणी ठरवलेलं असतं. ते योग्यच आहे, कारण प्रत्येकाकडे आपल्या बाजूचाच व्हिडिओ असतो. बेरीज चुकली, भोक चुकीच्या आकड्यावर पडलं, तुमच्या गटाची वाट सोडून दुसऱ्या गटाच्या वाटेवर मोजलं, यावर मात्र दाद जरूर मागा. लेखी, आणि निकाल लागल्यावर आयोजकांनी दिलेल्या मुदतीत. बक्षीस वाटून झाल्यावर कढी-खिचडी खाताना नाही. स्पर्धा फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या मान्यतेची असेल तर तक्रारीची रीत आणि शुल्क त्यांच्या नियमांप्रमाणे. क्लबाची घरगुती असेल तर सकाळच्या कागदावर काय छापलं आहे ते बघा. काही छापलं नसेल तर पुढच्या वेळी भाग घेण्याआधी छापायला लावा.

माझ्याकडे वडिलांची बुलेट आहे. सगळे हसतात. ट्रायल्सला आणू का? (तरुण, सुदामा नगर)

हसणाऱ्यांना विचार की बुलेटची झुलत्या आर्मची नवी चौकट 1948 मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर कुठे आली. शोरूममध्ये नाही, इंग्लंडात कोलमोर कप ट्रायलला आली. आणि जॉनी ब्रिटेनने रॉयल एनफील्डवर 1952 आणि 1957 मध्ये स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकली. त्याच वारशाच्या नावावर कंपनीने 2019 मध्ये इथे ट्रायल्स नावाची बुलेट काढली होती, ती बघितली असशील.

म्हणून आणू नये असं नाही, पण ब्रिटेनची गाडी आणि तुझ्या वडिलांची गाडी एक नव्हेत. नवशिक्यांच्या गटात नाव घाल, साध्या वाटेने जा. आरसे, क्रॅशगार्ड आणि मागची कॅरियर उतरव, नाहीतर फितींच्या खुंट्या तूच पाडशील आणि खुंटी पडली की त्या सेक्शनला पाच. टायरची हवा किती काढायची ते तिथल्या जाणत्याला विचार. खास ट्रायल्सच्या टायरात अगदी नावाला हवा ठेवतात, पण ट्यूब असलेल्या टायरात तेवढी काढलीस तर टायर रिमवर फिरेल आणि ट्यूबचा वॉल्व्ह तुटेल. मनगटाला दोरीने अडकवायचा, पडलास की इंजिन बंद करणारा किल स्विच बसवून घे, तो नसेल तर मी माझ्या सेक्शनमध्ये सोडणार नाही. बुलेट अंगावर आली आणि इंजिन चालू राहिलं, तर मग गुणांचा प्रश्न उरत नाही.

आणि ओल्या काळ्या मातीचा सेक्शन असेल तर पहिल्या फेरीत मुकाट्याने दोन्ही पाय सोड आणि तीन घेऊन बाहेर ये. वर ताईंना जे सांगितलं तेच.